चौदा हजार पौंडांचा माणूस

रविवारी दुपारी फुटबॉलच्या जुन्या आकडेवारीचे पुस्तक घेऊन पडायचे, ही माझी सवय. सौभाग्यवती विचारते, "त्यात वाचायचं ते काय?" परवा तिला ब्रिन जोन्सचे पान दाखवले. १९३९ नंतर एकदम १९४६!

ब्रिन वेल्समधल्या मर्थर टिडफिलचा. जन्म १९१२चा. लहानखुऱ्या चणीचा, बुजरा, कोळशाच्या खाणीत राबलेला. १९३८च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या आर्सेनलने त्याला वुल्व्हजकडून १४,००० पौंडांना घेतले. तोवर ब्रिटनमध्ये कुठल्याही खेळाडूसाठी एवढी रक्कम पडली नव्हती. पार्लमेंटातसुद्धा प्रश्न विचारले गेले म्हणे! ती रक्कम गेली वुल्व्हजच्या तिजोरीत. खेळाडूला मिळायचे आठवड्याला फार तर आठ पौंड. लीगचा नियमच तसा होता.

त्यातून जागा भरायची होती ती अलेक्स जेम्सची. पहिल्याच सामन्यात ब्रिनने गोल केला खरा, पण लीगचा मोसम संपला तेव्हा गोल होते अवघे चार. भरपूर हुंडा मोजून आणलेल्या जावयाकडे सासरच्यांनी टक लावून बसावे, तसे लोक त्याच्याकडे पाहत. नजरा चुकवाव्यात म्हणून तो दुय्यम संघातून खेळला, तर तिथेही हजारो लोक हजर!

नव्या लग्नात अवघडलेला जावईसुद्धा दुसऱ्या दिवाळसणाला मोकळा होतो. ब्रिनची दुसरी दिवाळी उजाडलीच नाही. १९३९च्या सप्टेंबरात युद्ध पेटले, लीग बंद पडली आणि हा तोफखान्यात भरती होऊन उत्तर आफ्रिकेत, इटलीत गेला. कितीतरी जण परतलेच नाहीत; त्यांच्यापुढे सात मोसमांचे दुःख ते काय? तरीही मला वाईट वाटते. सत्ताविसाव्या वर्षी थांबलेला माणूस लीगमध्ये उतरला तो चौतिसाव्या वर्षी! १९४९मध्ये त्याने आर्सेनल सोडले. एवढ्या पैशांचे चीज झाले नाही, हा शेरा मात्र एका मोसमावरून मारलेला, तो तसाच राहिला.

त्याचा पुतण्या क्लिफ जोन्स १९५८मध्ये टॉटनहॅमला गेला, ३५,००० पौंडांना. त्याचीही सुरुवात अडखळतच झाली. वर पाय मोडला. पण त्याला पुढची वर्षे मिळाली. १९६१मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकणाऱ्या संघात तो होता.

खेळ सोडल्यावर काकाने उत्तर लंडनमध्ये वर्तमानपत्रांचे दुकान चालवले. तो १९८५मध्ये वारला.

सौभाग्यवतीने पुस्तक हातात घेतले. म्हणाली, "त्या बिचाऱ्याला आठ पौंडच?"