काळा घोड्याचं लोखंडी हॉटेल

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानात शिरलं की मुंबईची दोन वयं समोरासमोर उभी दिसतात. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाच्या गॉथिक कमानी, तर पश्चिमेला समुद्र हटवून केलेल्या भरावावर १९३० च्या दशकात उठलेल्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरवला. त्यासाठी तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या होत्या.

मी मात्र मैदान ओलांडून काळा घोड्याकडे वळलो, एस्प्लनेड मॅन्शन बघायला. हे मूळचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडला, सुटा सुटा जहाजाने आला आणि इथे जोडला गेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं देशात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. आता फुटपाथवरून मान वर केली की दिसतात गंजलेले कठडे, खचलेले सज्जे आणि भेगेत रुजलेला पिंपळ.

ही इमारत बेवारस आहे असं कुणी समजू नये. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, देशात सर्वांत आधी. तिच्या यादीत वारसा इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीला जवळजवळ हात लावायचा नाही. दुसरीत आतून गरजेपुरते बदल चालतात, दर्शनी रूप तेच हवं. तिसरीत आणखी सैल. वॉटसन दुसरीतल्या दोन-अ गटात आहे. म्हणजे काय करायचं नाही ते ठरलेलं आहे. खर्च कुणी करायचा, त्यावर यादी गप्प. हॉटेल कधीच बंद पडलं, खोल्यांत वकिलांच्या कचेऱ्या आणि दुकानं थाटली, भाडं कायद्याने गोठलं. अशा भाड्यावर लोखंडी सांगाडा दुरुस्त करायचा म्हणजे दात कोरून पोट भरणं. मालकाची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही, पण हिशेब तोच आहे.

२००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला, माणूस दगावला. २०१९ मध्ये इमारत रिकामी केली. आयआयटीच्या अहवालाने पाडायला सांगितलं, वारसातज्ज्ञ म्हणाले दुरुस्त होईल, आणि भांडण हायकोर्टात गेलं. ते इथून चालत पाच मिनिटांवर आहे, १८७८ चं, दगडी. त्याची डागडुजी सरकारी तिजोरीतून होते.