रंगाची पावती

माणसाला एकदा हिशेब लिहायची खोड लागली, की ती तंबाखूपेक्षाही चिवट ठरते. छत्तीस वर्षे मी एका कचेरीत दुसऱ्यांचे जमाखर्च तपासले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी अजून मंडईतून आलो की पिशवी खाली ठेवण्याआधी मी वहीत आकडा मांडतो. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे, की यमदूत दाराशी आले तरी हे गृहस्थ त्यांच्याकडे आधी सहीशिक्क्याचा कागद मागतील. अशा माणसाला ठाण्यातल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेने खजिनदार केले, यात संस्थेचे काही चुकले असे कोणी म्हणणार नाही. आणि तरीही याच माणसाच्या वहीत २०२४ साली एक मोठी रक्कम लिहायची राहिली. विसरून नव्हे, समजून उमजून. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे जुने डबे खाली काढतात, तशी ती गोष्ट आज खाली काढतो आहे.

मी काही राजकारणी मनुष्य नव्हे. कोणत्याही पक्षाचा चार आण्यांचा सभासदसुद्धा मी कधी झालो नाही. पण निवडणुकीची हौस मात्र लहानपणापासूनची. आम्ही गिरगावात चाळीत राहत असू. १९६७ ची लोकसभेची निवडणूक मला लख्ख आठवते. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. दक्षिण मुंबईत रेल्वेमंत्री स. का. पाटलांच्या विरुद्ध जॉर्ज फर्नांडिस उभे होते. पाटील पडतील असे फार थोड्यांना वाटत होते, आणि ते पडले! त्या धामधुमीत एका संध्याकाळी काही कार्यकर्ते डबा खुळखुळवीत आमच्या गॅलरीत आले. वडिलांनी खिशातून एक रुपया काढून डब्यात टाकला आणि लगेच हात पुढे करून म्हणाले, "पावती?" ते कोणाचे कार्यकर्ते होते हे वडिलांनी कधी सांगितले नाही, आणि मीही सांगत नाही. पोरांनी खिशातले पावतीपुस्तक काढून रुपयाची पावती फाडली. वडिलांनी ती रेशनकार्डात घडी करून ठेवली.

मी विचारले, "एका रुपयाची कसली पावती?"

वडील म्हणाले, "अरे, उद्या हा निवडून आला आणि कामं केली नाहीत, तर जाब विचारायला जाताना हातात काही नको?"

तेव्हाचे सगळेच धुतल्या तांदळासारखे होते, असे मुळीच नव्हे. पैसा तेव्हाही वाहत होता आणि उमेदवाराची जात तेव्हाही पाहिली जात होती. पण निदान आमच्या गॅलरीत तरी उमेदवाराची माणसे मागायला येत. आता ती द्यायला येतात. एवढ्या एका फरकात सारे राजकारण सामावले आहे, असे मला वाटते.

सवयीप्रमाणे मी या बाबतीतले आकडेही मांडून पाहिले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराला अनामत ५०० रुपये आणि विधानसभेच्या उमेदवाराला २५० रुपये भरावी लागे. २०२२ साली विधानसभेच्या उमेदवाराची खर्चाची मर्यादा आपल्याकडे ४० लाख रुपये ठरली, लोकसभेची ९५ लाख. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदारसंघ २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीन लाख सदतीस हजार मतदार झाले. भागाकार केला तर मतदारामागे बारा रुपयेसुद्धा पडत नाहीत! आणि त्या वर्षी दिवाळीआधी आमच्या घरात काय काय आले? तीन वेगवेगळ्या चेहऱ्यांची उटण्याची पाकिटे, एक आकाशकंदील, रांगोळीच्या दोन पिशव्या आणि हात जोडलेल्या एका गृहस्थांचे कॅलेंडर. बारा रुपयांत एवढी दिवाळी साजरी करणाऱ्याला अर्थमंत्रीच करायला हवे.

यातली मेख मला नंतर कळली. उमेदवाराचा खर्च मोजतात तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा. निकालानंतर तीस दिवसांत त्याने हिशेब द्यायचा. त्याआधी महिनोन्‌महिने जे काही वाटले, ते कोणत्याच वहीत नाही. शिवाय उमेदवाराला मर्यादा असली, तरी पक्षाला खर्चाची मर्यादाच नाही. २०१८ साली निवडणूक रोखे निघाले. देणाऱ्याचे नाव मतदाराला कळू नये, अशी त्यांची रचना होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरवले, तोवर सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. देशातल्या मतदारांत वाटले तर डोईमागे सुमारे १७० रुपये. हे वाचून मी चारचौघांत केवढा संतापलो होतो! "देणाऱ्याचं नाव नाही, ही कसली देणगी?" असे मी कट्ट्यावर हात आपटून म्हणालो होतो. सहा-सात महिन्यांतच तो हात माझ्याच गालावर बसायचा होता.

गणपती उठले आणि आमच्या इमारतीत एक इच्छुक गृहस्थ आले. 'इच्छुक' हा शब्द पूर्वी लग्नाच्या जाहिरातीत असे. आता तो तिकिटाच्या रांगेत असतो. २०२२ साली एका पक्षाचे दोन झाले होते, २०२३ साली दुसऱ्याचे दोन झाले, त्यामुळे इच्छुकांचे पीक उदंड होते. हे गृहस्थ अतिशय नम्र. म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगला रंग देऊन टाकू. सेवेची संधी द्या."

आमची इमारत बावीस बिऱ्हाडांची. रंगाचा अंदाज अकरा लाखांचा, म्हणजे घरटी पन्नास हजार. तीन वर्षे आम्ही त्यावर नुसतेच भांडत होतो. सभेत सर्वांचे चेहरे उजळले. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातले अण्णा उभे राहिले.

अण्णा हे निवृत्त शिक्षक, मूळचे मराठवाड्यातले. आमचे दरवाजे समोरासमोर, आणि तीस वर्षे ते रात्री झोपतानाच काय ते बंद होत. ते म्हणाले, "रंग घ्या, माझी ना नाही. पण पैसा कोणाचा, ते लिहून घ्या आणि पावती द्या. खजिनदार, ही रक्कम वहीत कुठे लिहिणार?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मतासाठी लाच देणाऱ्याइतकाच घेणाराही कायद्याने दोषी असतो, हे मला पाठ होते. वडिलांची रुपयाची पावती आठवली. आणि त्याच वेळी पन्नास हजारांचा आकडाही डोळ्यांपुढे नाचला. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "बघू पुढं." छत्तीस वर्षांत मी हजारो कागदांवर 'खुलासा करावा' असा शेरा मारला असेल, स्वतःवर पाळी आली तेव्हा दोन शब्दांत सुटलो.

रात्री इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर अण्णांच्या आक्षेपावर चर्चा सुरू झाली. ते दिवस आधीच तापलेले होते. अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी लाठीमार झाल्यापासून आरक्षणाचा प्रश्न घराघरांत शिरला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा समाजाला दहा टक्के आरक्षण देणारा कायदा झाला, तरी एकाचे समाधान नव्हते आणि दुसऱ्याची धास्ती जात नव्हती. अण्णांच्या गावी तर दोन आळ्यांतली माणसे एकमेकांच्या लग्नालाही जाईनाशी झाली होती. हे सांगताना त्यांचा आवाज खाली जाई. पण ते गावाकडचे, आपल्या इमारतीत तसले काही नाही, अशी आमची समजूत. त्या रात्री गटावर एका शेजाऱ्याने लिहिले : "ज्यांना जन्मभर सवलती लागल्या, त्यांनी आम्हाला फुकटाचे धडे देऊ नयेत."

प्रश्न रंगाचा होता, उत्तर जातीचे आले. अण्णांची जात कोणती आणि माझी कोणती, हे तीस वर्षांत त्या इमारतीत कोणी मोठ्याने उच्चारले नव्हते. पण पावती मागणाऱ्याला उत्तर द्यायचे नसले, म्हणजे तो कोणाचा, हे विचारण्यासारखी सोय नाही. त्या मजकुराखाली भराभर अंगठे उमटले. त्यात एक माझा होता. निरक्षर माणूस न वाचता अंगठा उठवतो. मी वाचून उठवला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. दुपारच्या माझ्या गप्प बसण्यावर कोणीतरी पांघरूण घातले, याचे बरे वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचे दार बंद होते.

परांची बांधली गेली, रंग लागू लागला. आमच्या घरी आणि अण्णांकडे एकच मावशी कामाला येतात. एके दिवशी मी पेपर वाचता वाचता लाडक्या बहिणींच्या दीड हजारांवर आणि निवडणुकीच्या तोंडावरच्या खैरातीवर बोलत होतो. त्यात सत्ताधाऱ्यांनी एकवीसशेचे आणि विरोधकांनी तीन हजारांचे आश्वासन दिले, तशी मला आणखी स्फूर्ती आली. मावशींनी फडके पिळले आणि म्हणाल्या, "काका, माझे दीड हजार बँकेत येतात, माझ्या नावावर. कागदं दिलीत मी त्याची. तुमच्या भिंतीचा रंग कोणाच्या नावावर येतो?"

सरकारी तिजोरीच्या ताणाविषयी माझ्याकडे उत्तम मुद्दे होते. त्यातला एकही मला मांडता आला नाही.

आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. २९ तारखेला, ऐन धनत्रयोदशीला, अर्जांची मुदत संपली. आमच्या इच्छुकांना कोणीच तिकीट दिले नाही! रंगारी त्या दिवशी गेले ते परत आलेच नाहीत. रस्त्याकडची आणि बाजूच्या भिंती गुलाबी झाल्या होत्या. मागची भिंत तशीच, शेवाळलेली. समोरून इमारत नवरीसारखी दिसे आणि मागून तिच्या आजीसारखी.

सौभाग्यवतींना सख्खा भाऊ होता, तो लवकर गेला. तेव्हापासून दर भाऊबीजेला त्या अण्णांना ओवाळतात. ३ नोव्हेंबरला, रविवारी, त्यांनी सकाळीच पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन तयार ठेवले. दुपार झाली, चार वाजले. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. गटावरचा माझा अंगठा त्यांनीही पाहिला होता. शेवटी मीच उठलो, चार पावलांचा तो जिना-पॅसेज ओलांडला आणि बेल वाजवली. तीस वर्षांत ती बेल मी प्रथमच वाजवत होतो.

अण्णांनी दार उघडले. मी म्हणालो, "अण्णा, माझं चुकलं. सभेतही आणि रात्रीही. पण ती सकाळपासून उपाशी आहे. भांडण माझ्याशी करा."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ज्यानं लिहिलं त्याचं काही वाटलं नाही हो. तुमचा अंगठा पाहिला, आणि वाटलं, तीस वर्षं आपण कोणाकडे चहा पीत होतो?" मग सदरा बदलून आले. ओवाळून झाल्यावर त्यांनी ताटात एक्कावन्न रुपये ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तरी लिहा वहीत." ते हसले नाहीत, पण फराळाला बसले.

मतदान २० नोव्हेंबरला झाले, मोजणी २३ ला. कोण आले, कोण गेले, ते सर्वांना ठाऊक आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहून वहीतली नोंद वाचली : "रस्त्याकडील व बाजूच्या भिंतींचा रंग, किंमत अंदाजे सात लाख, देणाऱ्याचे नाव अमुक, पैसा कोठून आला ते सांगितले नाही, पावती दिली-घेतली नाही, खजिनदाराने वेळीच आक्षेप घ्यायला हवा होता, तो घेतला नाही." काही जण चिडले. तो मजकूर लिहिणारे शेजारी सभा सोडून गेले. अण्णांशी ते अजून बोलत नाहीत. पण मागच्या भिंतीसाठी घरटी अठरा हजार काढायचे ठरले, आणि बावीसपैकी बावीस घरांनी ते दिले. त्या सभा सोडून गेलेल्या शेजाऱ्यांनीही दिले. पावती क्रमांक एक अण्णांची, दोन माझी.

रंगाची छटा काही जुळली नाही. मागची भिंत पुढच्यापेक्षा जराशी फिकट आहे. संध्याकाळी फिरून येताना मी मुद्दाम मागच्या रस्त्याने येतो. पुढच्या भिंतीचा रंग दोन पावसाळ्यांत उडाला, तर तक्रार करायला आम्हांला तोंड नाही. मागच्या भिंतीचा उडाला, तर मात्र रंगाऱ्याला जाब विचारू. हातात पावती आहे.