आधी नोटीस, मग मांडव

गोदाकाठच्या आमच्या सायखेड्यात लग्न ठरलं की आधी तिथी, आचारी आणि मांडववाला बघतात. शेजारच्या मुलाचं चिनी मुलीशी जमलं तेव्हाही घरच्यांनी तेच केलं. द्राक्षांचा हंगाम उरकला की हळद लावू, नोंदणीचं ग्रामसेवकाकडे नंतर बघू, असा बेत होता. मुलीने मात्र आल्या आल्या विचारलं, ‘कागद कधी होणार?’ तिच्या देशात नोंदणी हेच लग्न. सरकारी कचेरीतून लाल पुस्तिका मिळाली की लग्न लागलं, जेवणावळ मागाहून.

तिचं बरोबर होतं. हिंदू विवाह कायदा लागू व्हायला वधू-वर दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असावे लागतात. ती कुठलाच धर्म न मानणारी. म्हणजे सप्तपदी झाली तरी त्या कायद्याखाली लग्न टिकलं नसतं. तेव्हा रस्ता एकच, 1954 चा विशेष विवाह कायदा. विवाह अधिकाऱ्याला लग्नाची नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवं. मग ती नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात, हरकतींसाठी आणखी 30 दिवस थांबतात आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर सह्या होतात. अविवाहित असल्याचा दाखला तिने चीनमध्येच नोटरीकडून करून, इंग्रजी भाषांतरासह साक्षांकित करून आणला होता. त्यामुळे पुष्कळ हेलपाटे वाचले.

मुलाच्या आजोबांना या सगळ्यात कोटणीसांचा सिनेमा आठवला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, 1941 मध्ये तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, मुलगा काही महिन्यांचा असताना, ते गेले. व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये ही कहाणी पडद्यावर आणली. आजोबांनी ती नातसुनेला अख्खी सांगितली, नातू दुभाष्या.

आज दोन्ही देशांतलं वारं कधी फिरेल सांगता येत नाही. 2020 मध्ये थांबलेले चिनी पर्यटकांचे व्हिसा भारताने जुलै 2025 मध्ये पुन्हा सुरू केले. अशा काळात जोडीदार म्हणून व्हिसा मागायचा तर विवाह प्रमाणपत्रच पुढे ठेवावं लागतं. मुलांचाही प्रश्न आहे, कारण दुहेरी नागरिकत्व दोन्ही देशांना मान्य नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी सून किंवा जावई येणार आहे, त्यांना कळकळीची विनंती: आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या, मांडववाल्याला नंतर बोलवा.