दोन संत्री

यंदा रमजान आणि ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ एकाच आठवड्यात सुरू झाला. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. मागच्या फेरीला, म्हणजे फेब्रुवारी १९९४ मध्ये, मी नागपूरच्या सदर भागातल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेत नववीत होतो. रोज कामठीहून बसने यायचो. बाबरी मशीद पाडली त्याला सव्वा वर्ष झालं होतं. अम्मीने टोपी दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवायला शिकवलं होतं.

शाळा मुलांची, १८७० सालची. आल्प्सच्या पायथ्याशी अ‍ॅन्सी नावाचं गाव आहे, तिथे स्थापन झालेल्या मिशनऱ्यांच्या पंथाने ती काढली. ज्यांच्या नावाने ती आहे ते संत फ्रान्सिस तरुण असताना लोक त्यांना दारात उभं करत नसत. मग त्यांनी आपलं म्हणणं कागदांवर लिहून दारांच्या फटीतून आत सरकवायला सुरुवात केली. म्हणून कॅथलिक चर्चने त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत मानलं. २४ जानेवारीला त्यांचा सण असायचा तेव्हा ही गोष्ट हमखास ऐकायला मिळे. ब्लॉग लिहायला लागल्यापासून मला ती जास्तच आठवते. आमचा धंदाही फटीतून कागद सरकवण्याचाच.

घरच्यांना वेगळी काळजी होती. शाळेत नाव घातलं तेव्हा खालाने अम्मीला विचारलं होतं, “क्रूसासमोर मान झुकवायला लावतात का?” मला कुणी लावली नाही. सकाळच्या प्रार्थनेला आम्ही मुसलमान आणि हिंदू मुलं शांत उभे राहायचो, एवढंच. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला गेली की आम्हाला नीतिशिक्षणाचा तास असायचा. त्यात बरेच जण झोपायचे.

राखेच्या बुधवारी कॅथलिक मुलं कपाळावर राखेची खूण घेऊन वर्गात आली. त्याच दिवशी टेबलावर पत्र्याचा डबा आला. उपवासात जे खायचं टाळाल त्याचे पैसे यात टाका, असा नियम. कुणी समोसा सोडला, कुणी आईसफ्रूट. मधल्या सुट्टीत सगळे कँटीनकडे पळाले की वर्गात दोघंच उरायचे: रोजा असलेला मी, आणि दुपारचं जेवण सोडलेला माझा कॅथलिक मित्र. फादरांनी डब्याचा हिशोब आम्हा दोघांकडे दिला. खायला न जाणाऱ्यांकडे पैसे सुरक्षित, असं ते हसून म्हणाले. मित्र मात्र मला रोज एकच प्रश्न विचारायचा, “पाणीसुद्धा नाही?”

डब्याच्या पैशांतून तांदूळ, डाळ, तेल घेतलं जायचं आणि शनिवारी ते पोचवायचं. फादरांच्या अटी होत्या. दोघांनीच जायचं. पिशवी दारात देऊन परतायचं नाही, बोलावलं तर आत बसायचं. कुणाकडे गेलो हे वर्गात सांगायचं नाही. आणि ते जे देतील, चहा असो की पाणी, नाही म्हणायचं नाही. पुढे कळलं की ही जुनी रीत आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिलेली सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी आजही जोडीनेच घरोघरी जाते.

पहिल्याच शनिवारी माझी पंचाईत झाली. सदरच्या मागच्या वस्तीत एक म्हातारी विधवा राहायची, तमिळ ख्रिस्ती, नवरा रेल्वेत होता. तिने आम्हाला खाटेवर बसवलं आणि दोन पेल्यांत सरबत आणलं. मित्राने पेला घेतला. माझा हात पुढे होईना. तिचा चेहरा उतरला. तिला काय वाटलं असेल ते मला आज कळतं: हा मुलगा माझ्या घरचं पीत नाही. मी घाईघाईने म्हटलं, “आंटी, मेरा रोजा है।” ती क्षणभर बघत राहिली. मग आत गेली आणि दोन संत्री घेऊन आली. मृग बहाराचे दिवस होते, नागपुरात गल्लोगल्ली संत्री होती, पण तिच्या घरात ती दोनच असावीत. “तो शाम को खाना। याद से।” फादरांचा नियम होता. मी घेतली.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा अम्मी नव्हती. आमच्या भागातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे जकातीचं वाटप होतं. त्या वर्षी अब्बांचा माग जवळजवळ बंदच होता. सूत महाग, साडीला गिऱ्हाईक नाही. मी शोधत गेलो. फाटकाबाहेर बायकांची लांब रांग होती, भोंग्यावरून एकेकीचं नाव पुकारलं जात होतं, नवऱ्याच्या नावासकट. अब्बांचं नाव मी त्या भोंग्यावर ऐकलं. अम्मीने बुरख्याचा पडदा खाली घेतला आणि पुढे झाली. मी तिला हाक मारली नाही. गल्लीतून मागे फिरलो आणि तिच्या आधी घरी येऊन बसलो. तिने मला पाहिलं होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

व्यापारी वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर जकात फर्ज होती आणि तो ती चोख काढायचा. अनेक जण तेही करत नाहीत. उघड दिलेलं दानही चांगलंच, असं कुरआन म्हणतो. पण त्याच आयतीत पुढे आहे की लपवून गरिबांना द्याल तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही गोष्ट आमच्या हदीसमध्ये आहे आणि त्यांच्या मत्तयच्या शुभवर्तमानातही. भोंगा दोन्हीकडे नाही.

इफ्तारला मी ती संत्री काढली आणि मनात शंका आली. बाईला खैरात मिळते, मग तिने दिलेलं आपण खायचं का? दुसऱ्या दिवशी मशिदीतल्या मौलानांना विचारलं. त्यांनी बरीराची गोष्ट सांगितली. बरीरा गुलामीतून मुक्त झालेली बाई. तिला कुणीतरी सदक्यात मांस दिलं. पैगंबरांना (स.) सदका खाणं वर्ज्य होतं, म्हणून घरच्यांनी ते त्यांच्यापुढे ठेवलं नाही. त्यांनी विचारलं आणि म्हणाले की तो तिच्यासाठी सदका आहे, आपल्यासाठी मात्र तिच्याकडून आलेली भेट. मौलाना म्हणाले, “घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या मालकीची होते, बेटा. मग तीही देऊ शकते.” संत्री तोवर खाऊन झाली होती. एक मी, एक अम्मीने. कुठून आली हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने साल फेकली नाही, वाळवायला ठेवली.

आता मी आमच्या मोहल्ल्याच्या रेशन कमिटीत आहे. जकातीचे पैसे कुणाला चालतात, बिगरमुस्लिम शेजाऱ्याला सदक्यातून द्यायचं का, यावर आमच्याकडे तासन्‌तास चर्चा होते. हनफी उलेमा जकात मुसलमान गरजूंसाठी राखतात, सदका मात्र कुणालाही देता येतो. तेवढ्यावर आमचंही जमतं. भांडण होतं ते वाटपाच्या पद्धतीवर. किट हातात देतानाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले नाहीत तर देणगीदार पुढच्या वर्षी देत नाहीत, असं खजिनदारांचं म्हणणं. त्यांचंही अगदीच खोटं नाही. यंदा मी हट्टाला पेटलो. इशाच्या नमाजनंतर पोरांनी दोघा-दोघांनी घरी जाऊन किट द्यायचं, आणि त्या घरचं काहीतरी खाऊन यायचं.

फोटो बंद करायला कमिटी तयार झाली. घरोघरी जायला पोरं कमी पडली, म्हणून निम्मी किटं या वर्षीही रांगेतच गेली.