वेळेची पक्की, स्वभावाची मानी

लिथियमची गोळी दिसायला अगदी साधी. पांढरी, गोल, चपटी. रक्तदाबाच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांत मिसळून ठेवली तर ओळखूही यायची नाही. किंमत कटिंग चहापेक्षा कमी. पण ज्या घरात ती येते, त्या घराला तिचा स्वभाव समजून घ्यावाच लागतो, कारण ती येते ती बहुधा मुक्कामाला. बायपोलर आजाराच्या माणसाशी, म्हणजे मन कधी उन्मादाच्या टोकाला जाणाऱ्या आणि कधी नैराश्यात बुडणाऱ्या माणसाशी, तिची गाठ पडली की ती वर्षानुवर्षं सोबत करायला तयार असते. ती सोबत ठेवायची की नाही, हे मात्र तो माणूस ठरवतो. आणि पुष्कळदा तो तिला घराबाहेर काढतो.

ते का, हे कळायला आधी तिची नीट ओळख व्हायला हवी.

तिला घराण्याचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. बाकीची औषधं रसायनशाळेत जुळवून केलेली, ही मूळची मूलद्रव्य. हायड्रोजन, हेलियम आणि मग थेट हिचाच नंबर. धातूंमध्ये सर्वांत हलकी. १८१७ साली स्वीडनमध्ये आर्फवेडसन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला ती एका खनिजात सापडली. निसर्गाचीच असल्याने तिच्यावर कुणा कंपनीला मालकी सांगता येत नाही, त्यामुळे तिची जाहिरात करायला कुणी पुढे येत नाही. तरी आपल्याकडे १९८३ साली वापीत सन फार्मा सुरू झाली, तेव्हा कंपनीने आणलेली पहिली मोजकी औषधं मानसोपचाराचीच होती आणि त्यांत लिथियम होतं.

तरुणपणी तिने बऱ्याच उनाडक्या केल्या. १९२९ साली अमेरिकेत आलेल्या, पुढे सेव्हन-अप या नावाने गाजलेल्या लिंबू-सोड्यात ती होती. मग मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांच्या ताटात ती मिठाच्या जागी जाऊन बसली. प्रमाणाचा विचार कुणी केला नाही, माणसं दगावली, आणि १९४९ साली तिची तिथून हकालपट्टी झाली. बदनामी झाली ती त्या वर्षी, आणि तिला खरं काम मिळाल्याची बातमीही जगाला त्याच वर्षी कळली.

ते काम दिलं ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी. हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत साडेतीन वर्षं जपान्यांचे युद्धकैदी होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या मनोरुग्णालयात, वापरात नसलेल्या एका स्वयंपाकघरात त्यांनी गिनीपिगांवर प्रयोग मांडले. लिथियम दिलेले ते भित्रे प्राणी उताणे केले तरी शांत पडून राहिले. केडनी मग ती आधी स्वतः घेऊन पाहिली आणि मार्च १९४८ मध्ये पहिल्या रुग्णाला दिली. एक्कावन्न वर्षांचे गृहस्थ, पाच वर्षं सतत उन्मादात, वॉर्डातले सर्वांत त्रासदायक. काही आठवड्यांत ते शांत झाले, जुलैत घरी गेले, जुन्या नोकरीवर रुजू झाले.

आणि मग त्यांनी गोळ्यांत हयगय करायला सुरुवात केली. आधी एखादी चुकली, मग वरचेवर चुकू लागल्या, शेवटी बंदच. सहा महिन्यांत ते पुन्हा त्याच वॉर्डात, त्याच अवस्थेत. पुन्हा गोळी, पुन्हा उतार. दोन वर्षांनी, १९५० साली, तेच गृहस्थ लिथियमच्या विषबाधेने गेले. तिचा गुण काय, तिला सोडलं तर काय होतं आणि तिचं प्रमाण सांभाळलं नाही तर ती काय करते, हे सगळं तिच्या पहिल्याच माणसाच्या आयुष्यात घडून गेलं. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शौ यांनी १९५४ साली तिची शिस्तशीर परीक्षा घेतली, रक्तातल्या प्रमाणावर नजर ठेवून ती कशी द्यायची हे लोकांना पटवलं. त्यांच्या सख्ख्या भावाला वारंवार नैराश्य येई, त्यालाही तिचा गुण आला. अमेरिकेने तिला औषध म्हणून मान्यता दिली ती १९७० साली.

तर असा हा मानी स्वभाव. रक्तात ०.६ ते १.० एवढ्या अरुंद पट्ट्यातच ती सुखाने नांदते. त्याखाली गेली तर रुसून बसते, काम करत नाही. १.५ च्या वर गेली की अंगावर येते: उलट्या, जुलाब, मोठी थरथर, झोकांड्या, बोबडी वळणं. म्हणून डॉक्टर म्हणतात, "लेव्हल करून या." रात्रीची गोळी घेतल्यावर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. तेरा-चौदा तास झाले तर आकडा फसवा येतो. इतकी वेळेची पक्की दुसरी गोळी मला माहीत नाही.

सोडियमशी तिचं इतकं साम्य आहे की मूत्रपिंडालाही दोघींमधला फरक कळत नाही. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू पाहतं आणि तिच्या नावाखाली हिलाही धरून ठेवतं. गोळी एकही जास्त घेतलेली नसताना लेव्हल चढते. आता आपल्याकडची वर्षाची चक्रं बघा. निर्जळी एकादशी, अळणी उपवास, मे महिन्यातला नागपूरचा उन्हाळा, वारीच्या वाटेवरचे जुलाब. नातेवाइकांना वाटतं, देवाचा उपास मोडायला सांगणारी ही कसली गोळी! पण ती फक्त एवढंच मागते की पाणी नेहमीसारखं प्या, मीठ एकदम सोडू नका. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकशी तर तिचं मुळीच पटत नाही. त्यांच्याबरोबरही ती चढते. पॅरासिटामॉलशी वैर नाही. हे कागदाच्या मागे दोन ओळींत लिहून देता येतं, आणि जिथे कुणी लिहून दिलं नाही तिथे पहिल्या उन्हाळ्यातच गोळी 'उष्ण पडली' म्हणून बंद झालेली असते.

तिच्या काही खोडी उघड दिसणाऱ्या आहेत. तहान लावते, रात्री दोनदा उठवते, वजन वाढवते, कुणाच्या थायरॉइडला मंद करते, आणि हात थरथरवते. दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर आहेत. कपातून बशीत चहा ओतताना त्यांच्या बशीची कड टिकटिक वाजायची, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण 'श्री' ची वेलांटी हलली आणि दुकानदाराने पाटी परत पाठवली, त्या रात्री त्यांनी पाकीट कचऱ्यात टाकलं. घरच्यांनी ठरवलं, आजार डोक्यात गेलाय, ऐकत नाहीत. दवाखान्यात आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना कोरा कागद दिला आणि म्हणाले, "काका, एक सरळ रेघ ओढा बघू." रेघ पाहून त्यांनी लेव्हल करायला पाठवलं, मात्रा थोडी उतरवली, थरथरीसाठी वेगळी छोटी गोळी जोडली. पेंटरकाका आज दोन्ही घेतात. सहा महिन्यांच्या भांडणात घरात कुणी वेलांटीबद्दल विचारलं नव्हतं.

काहींच्या मनात तिच्याविषयी खोल राग असतो, आणि त्या रागाला कारण असतं. उन्माद चढत असतानाचे सुरुवातीचे दिवस फार गोड असतात. झोप लागत नाही पण थकवा नसतो, कल्पना सुचतच राहतात, सगळे आपलेच वाटतात. ती हे सगळं हळूच काढून घेते. अमेरिकेतल्या के रेडफिल्ड जेमिसन या स्वतः या आजाराच्या नामांकित अभ्यासक. दुसऱ्यांवर उपचार करणाऱ्या या बाईंनीही वर्षानुवर्षं लिथियमला नाही म्हटलं, सोडलं, पुन्हा आजारी पडल्या, जीव द्यायचा प्रयत्न करण्यापर्यंत गेल्या, आणि १९९५ साली हे सगळं आपल्या आत्मचरित्रात उघडपणे लिहिलं. त्यांच्याकडे ज्ञान कमी होतं असं कोण म्हणेल? एक भजन गाणाऱ्या ताई मला म्हणाल्या होत्या, "त्या दिवसांत चाली आपोआप यायच्या हो. आता बसून शोधाव्या लागतात." हे नुकसान आहे. त्याला नुकसान म्हणायला जो तयार नाही, त्याने त्या ताईंना गोळीचं महत्त्व सांगायला जाऊ नये.

तिच्या मुक्कामाची चोरीही फार केली जाते. लग्न जमवताना पाकिटातून काढून जीवनसत्त्वाच्या डबीत भरतात. लग्न होतं, सासरी डबी कुठे ठेवायची हा प्रश्न येतो, आणि मग नवी नवरी गोळ्या घेतच नाही. जागरण, दगदग आणि त्यात गोळी बंद. पहिलाच सण आजारात जातो. सासरचे म्हणतात फसवलं, माहेरचे म्हणतात नजर लागली. त्या मुलीने गोळी का सोडली याचं उत्तर तिच्या डोक्यात शोधतात, खरं तर ते बेडरूमच्या कपाटात असतं. कपाटाला तिची स्वतःची किल्लीच नव्हती.

दुसरी चोरी याहून वाईट. वरणात कुस्करून, चहात विरघळवून गुपचूप देणं. आईवडील हे प्रेमापोटी करतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही, रात्र रात्र जागलेली माणसं असतात ती. पण लिथियमला हे अजिबात सोसत नाही. अर्धी वाटी वरण उरलं तर किती पोटात गेलं? उन्हाने तहानलेल्या माणसाला, आपल्या अंगात काय आहे हेच ठाऊक नसेल, तर तो पाणी कसं सांभाळेल? आणि एक दिवस जिभेला ती धातूची चव लागते. मग तो गोळीही सोडतो आणि घरचं जेवणही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचाराला माणसाची संमती मागतो, त्याला कळेल अशा भाषेत माहिती द्यायला सांगतो. या गोळीच्या बाबतीत तर संमतीवाचून सुरक्षितपणाच शक्य नाही.

तिचा सर्वांत मोठा दोष म्हणजे तिला स्वतःचं काम दाखवता येत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरलेला हाताला कळतो. हिचं यश म्हणजे काही न घडणं: या वर्षी कर्ज काढलं नाही, नोकरी गेली नाही, कुणी विहिरीकडे धावलं नाही. बायपोलर आजारात आत्महत्येचा धोका ती कमी करते, हे दशकांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे कळायचं कसं? त्याला एवढंच दिसतं की बरं वाटतंय आणि हात थरथरतोय. "आता कशाला? सवय लागेल," असं मामाही म्हणतो आणि शेजारीही. तिची सवय लागत नाही, तलफ येत नाही. पण एकाएकी सोडली तर आजार उलटतो, तेही जोरात. बरं वाटतं म्हणून गोळी सोडणं ही काही मनोरुग्णांची खास खोड नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली मांडलेल्या हिशेबात, श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांची औषधं नीट घेणारे जवळपास निम्मेच भरले. रक्तदाबवाल्याने गोळी सोडली तर आपण त्याला विसराळू म्हणतो, हिच्या माणसाला वेडा.

जे तिला वर्षानुवर्षं सांभाळतात त्यांचीही ओळख करून द्यायला हवी. एसटीतले एक निवृत्त वाहक पाकिटाच्या पाठीवर बॉलपेनने तारखा घालतात, तिकिटांचा हिशेब ठेवावा तशा. उन्मादात त्यांनी बायकोची पाटली मोडून अनोळखी लोकांना जेवण घातलं होतं. "मला ते आठवतं," एवढंच ते सांगतात. बायकोने त्यांना कधी 'गोळी घेतली का' असं विचारलेलं मी ऐकलं नाही. ती रात्री तांब्या भरून त्यांच्या उशाशी ठेवते आणि स्वतःची रक्तदाबाची गोळी त्यांच्याबरोबर घेते. दर काही महिन्यांनी ते लेव्हल, क्रिएटिनिन आणि थायरॉइडचे कागद एका पिशवीत घालून पहिल्या गाडीने जिल्ह्याला जातात. औषध खिडकीवर संपलेलं असलं तर बाहेरून विकत घेतात. हे परवडतं कारण निवृत्तिवेतन आहे. रोजंदारीवर जाणाऱ्याचा त्या फेरीत एक दिवस बुडतो, आणि पुष्कळ गोळ्या तेवढ्याचसाठी बंद पडतात.

त्यांचे डॉक्टर "गोळ्या घेता ना?" असं कधीच विचारत नाहीत, कारण त्या प्रश्नाला कुणीही 'हो' म्हणतं. ते विचारतात, "गेल्या पंधरवड्यात किती चुकल्या?" मागच्या खेपेला वाहककाकांनी सांगितलं, चार. सगळ्या सकाळच्या. नातवाला शाळेत सोडायला जायच्या गडबडीत. डॉक्टरांनी चुकल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. दोन वेळांची मात्रा एकत्र करून रात्रीची एकच लांब मुदतीची गोळी लिहिली, चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही हे बजावलं आणि आठवड्याने लेव्हल करायला सांगितली. काकांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि नव्या पाकिटावर तिथेच पहिली तारीख घातली.