गोदीतून निघालेले जहाज

सिंगापूरच्या उत्तर टोकाला सेम्बावांग येथे ब्रिटिश आरमाराने १९३८ मध्ये उघडलेली सुकी गोदी आहे. १९६८ पासून तेथे व्यापारी जहाजांची डागडुजी होऊ लागली; आता सहलीची मोठी जहाजेही येतात. प्रवासी जहाजाला साधारणतः पाच वर्षांत दोनदा गोदीत जावे लागते. पाणी उपसले की तळ उघडा पडतो. त्याला चिकटलेले शिंपल्यांसारखे जीव खरवडले जातात आणि पुन्हा चिकटू नयेत म्हणून विषारी लेप दिला जातो. गुळगुळीत तळामुळे इंधन वाचते, हे खरे. पण सहल कितीही सात्त्विक असो, त्या जीवांचा हिशेब तिच्याच खात्यावर पडतो.

पहिल्या फेरीत वरच्या मजल्यांवर काम उरलेले असू शकते : गालिच्याच्या गोंदाचा वास, ओले कठडे, बंद तरणतलाव. दमेकऱ्यांनी ही फेरी टाळावी. इतरांचे फारसे बिघडत नाही. खरी काळजी स्वयंपाकघराची. जैन भोजनाची नोंद आरक्षणाच्या वेळीच करावी व जहाजावर चढताच पुन्हा विचारावे, कारण आचारी आणि जेवणाच्या वेळा बदललेल्या असू शकतात. तेथे सूर्य वर्षभर सातच्या सुमारास मावळतो; चौविहार पाळणाऱ्यांनी ताट सहालाच मागावे.