अंतिम, खरा अंतिम

माझ्या संगणकात एकाच लेखाच्या सात फायली होत्या. लेख, लेख-२, लेख-अंतिम, लेख-अंतिम-खरा, लेख-हाच-पाठवा, अशा चढत्या काकुळतीने. पाठवला गेला तो भलताच. ही रडकथा ऐकून भाची म्हणाली, "मावशी, गिट टाक ना. आणि वर्डमध्ये नको, साध्या टेक्स्ट फायलीत लिही."

'गिट' म्हणजे इंग्रजी बोलीभाषेत नकोसा, मूर्ख माणूस. आपण आपल्या गोष्टींना स्वतःचीच नावं देतो, आधी लिनक्स, आता गिट, असं हा फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहिणारे लिनस टॉरव्हल्ड्सच गमतीने म्हणाले होते. लिनक्सचे लोक वापरत असलेल्या बिटकीपर या तशाच प्रोग्रामची फुकट मुभा २००५ मध्ये काढून घेतली गेली, म्हणून एप्रिलमध्ये ते बसले आणि थोड्याच दिवसांत गिट स्वतःच्याच फायली सांभाळू लागलं. हे राग आलेल्या माणसाचं काम आहे. मला राग आला की मी कपाट आवरते.

गिट बसवताना ते सतराशे साठ प्रश्न विचारतं. एक होता ओळ संपते कशी याचा. विंडोज ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवतं, लिनक्स एकच. वडिलांच्या टाइपरायटरची दांडी आठवली: गाडा मागे न्यायचा, कागद एक ओळ वर सरकवायचा. ती दोन कामं अजून माझ्या फायलीत चालू आहेत, हे कळल्यावर उगाच बरं वाटलं. बाकी प्रश्नांना 'पुढे, पुढे' करत गेले. त्यातच कुठेतरी 'विम' नावाच्या एडिटरलाही मान डोलावून बसले.

मग लेखांच्या फोल्डरमध्ये 'गिट इनिट' केलं. दिसायला काहीच बदललं नाही. आत एक लपलेलं फोल्डर तयार झालं, एवढंच. यादी मागवली, तर माझ्या 'लेख'च्या जागी उलट्या तिरक्या रेघांसकट आकडे: ३४० २४४ २६२, ३४० २४५ २०७, ३४० २४४ २२६. मला वाटलं, गेला लेख. भाचीने फोनवर उलगडून सांगितलं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणक तीन बाइटांत ठेवतो. पहिले तीन आकडे ल, मधले तीन एकाराची मात्रा, शेवटचे तीन ख. म्हणजे माझी मात्रा तिथे अक्षराच्या तोडीस तोड जागा अडवून बसली होती! 'कोअर डॉट कोटपाथ' या सेटिंगला 'फॉल्स' म्हटलं आणि 'लेख' पुन्हा लेख झाला.

पुढची पायरी कमिटची. गिट आपणहून काही जपत नाही. आधी 'अ‍ॅड' म्हणून फाइल बाजूला काढायची, मग 'कमिट' म्हणून ती नोंदवायची. माझी पहिली कमिट अडली, कारण त्याला माझं नाव आणि ईमेल हवं होतं. ते दिलं. दुसऱ्यांदा काळ्या पडद्यावर विम उघडलं आणि बाहेरच पडू देईना. एस्केप, कोलन, क्यू. भाची सांगत होती, मी दाबत होते. दहा मिनिटांनी लक्षात आलं की कळफलक मराठीवर होता. त्याच्या इनस्क्रिप्ट मांडणीत कोलनच्या जागी छ असतो आणि क्यूच्या जागी औकार. मी बिचाऱ्या विमला 'छौ, छौ' करत होते.

इंग्रजीवर येऊन सुटले, पण कमिट झालीच नाही. निरोपाची जागा रिकामी होती. काय बदललं, का बदललं, हे एका ओळीत सांगितल्याशिवाय गिट नोंद घेत नाही. इतकी वर्षं खाडाखोड केली, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून दुसरीच प्रत छापली. मधल्या बदलांपुढे एकेक ओळ असती, तर केवढे वाद वाचले असते! अर्थात, वाद वाचले असते तर संशोधकांनी काय केलं असतं, हाही प्रश्नच.

सवय मात्र बदलावी लागली. गिट फरक ओळीओळीने दाखवतं आणि माझा परिच्छेद म्हणजे एकच लांबलचक ओळ. एक वेलांटी दुरुस्त केली, तरी सगळा परिच्छेद लाल-हिरवा. आता मी प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिते. त्यामुळे वाक्यं आखूड झाली आहेत. ते चांगलं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

काल 'गिट लॉग' पाहिला. पंधरा दिवसांत सत्तावीस नोंदी. प्रत्येकीवर माझं नाव, तारीख, वेळ. त्यातल्या अकरा नोंदींत कारण म्हणून मी लिहिलंय, 'असंच'.